जमिनीवरून उठणं

गेनू आबांना मी सांगितलं, “रोज चालता तसं चाला,” आणि स्टॉपवॉच दाबलं. चूक तिथंच झाली.

केजला माझा फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना आहे. महिन्यातून एकदा नांदूरघाटला म्हाताऱ्या माणसांचा कॅम्प असतो. शाळेच्या व्हरांड्यात मी फरशीवर दोन चिकटपट्ट्या लावतो. माणसानं एका पट्टीपासून दुसरीपर्यंत नेहमीच्या चालीनं चालायचं आणि आम्ही वेळ घ्यायची. याला गेट स्पीड म्हणतात, म्हणजे चालीचा वेग. फार कमी आला तर समजायचं, पाय, तोल, दम यांतलं काहीतरी ढिलं पडलंय.

आबांच्या बाबतीत त्या वेगावर बरंच अवलंबून होतं. ही मेंढपाळ मंडळी. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन चाऱ्यामागं बाहेर पडतात, ती पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. यंदा आबांना सोबत न्यायचं की घरी ठेवायचं, यावरून बापलेकांचं बोलणं बंद होतं. मुलगा दत्ता म्हणे घरी, आबा म्हणत सोबत. शेवटी दोघं एकावर राजी झाले, डाक्टर म्हणेल तसं. मला ऐकून बरं वाटलं. घरात माझं कुणी ऐकत नाही.

तर आबा निघाले. दोन पावलं टाकली आणि थांबले. डावीकडं बघितलं. पुन्हा दोन पावलं टाकून तोंडानं “हर्र” केलं. दुसरी पट्टी येईपर्यंत माझ्या घड्याळात असा आकडा आला, की कागदावर माणूस अंथरुणाला खिळलेला दिसावा. मी गंभीर चेहरा केला. तो मला चांगला जमतो.

दत्ता हसायला लागला. “सायेब, तुमीच रोजच्यावानी म्हणालात. रोज मेंढरामागंच चालतंय की म्हातारं. मेंढरू चरंल तसं हे चालतंय.”

मी आकडा खोडला. आबांना म्हटलं, मेंढरं नाहीत, बीडची एसटी सुटायलीय, असं समजा. आबा असे आले, की मला बटण दाबायला उशीर झाला. व्हरांड्यातली म्हातारी मंडळी खुश झाली. आबांनी दत्ताकडं न बघता मिशीवरून हात फिरवला.

मग खुर्ची. हात छातीवर बांधून खुर्चीवरून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. मांड्यांची ताकद कळते. आबा खुर्चीच्या कडेवर टेकले, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखे. उठायला गेले तशी प्लास्टिकची खुर्ची मागं सरकली आणि ते बिचकले.

“खुर्चीवर कोण बसतंय बे दत्त्या आपल्यात?” ते म्हणाले. त्या दिवसात लेकाशी बोललेलं पहिलं वाक्य.

मुद्दा बरोबर होता. घरात खुर्ची नाही, रानात कुठून असणार. इथं मला हुशारी सुचली, आणि खरं सांगतो, ती आबांच्याच बाजूनं होती. म्हटलं, खुर्ची राहू द्या, जमिनीवर बसा आणि उठा. मेंढरांमागं फिरणाऱ्याला दिवसभर तेच करायचं असतं. हे ते सहज करतील, मी तसं लिहीन, विषय संपेल.

आधी मी करून दाखवलं. माझे गुडघे वाजले ते सगळ्यांना ऐकू गेले.

“डाक्टर, तुमालाच कुटं न्हेऊ नये,” आबा म्हणाले.

आबा माझ्यापेक्षा झोकात बसले, मांडी घालून, पाठ ताठ. मी म्हटलं, उठा आता. त्यांनी एक हात टेकला. मग दुसरा. गुडघा वर आला आणि तिथंच थरथरत राहिला. खाली आले. मी काठी दिली. काठीला धरून अर्धे वर आले, परत खाली. व्हरांड्यातलं हसू थांबलं. मी पुढं झालो, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि खांबाला पाठ लावली.

“बसू द्या जरा. सावली लई चांगली हाय हितं.”

दत्तानं मला बाजूला घेतलं. गेल्या साली मांजरसुंब्याच्या चौकात मेंढरं रस्ता ओलांडत होती, तेव्हा आबा वहाणेचा पट्टा बघायला खाली बसले ते उठलेच नाहीत. दोन्हीकडं ट्रक थांबलेले. “तवाबी हेच म्हणालतं. बसू द्या जरा.”

आबांना पिकअपमधून नेता येईल का, मी विचारून पाहिलं. कोकरं आणि भांडीकुंडी पिकअपमधूनच जातात. आबांना ऐकू गेलं. ते म्हणाले, गाडीत बसून जायला मी काय भांडं हाय का.

सगळे माझ्याकडं बघत होते.

“आबा, यंदा घरी थांबा,” मी म्हणालो.

“चाललो त्ये लिवा की,” आबा म्हणाले. “एसटी धरली का न्हाई म्या?”

मी तेही लिहिलं होतं. दत्तानं त्यांना काखेत हात घालून उठवलं. त्याच्या मनासारखं झालं होतं, पण तोंड त्याचंही पडलेलं होतं.

पुढच्या कॅम्पला मी त्यांच्या घरी गेलो. मंडळी गेली होती, मेंढरं बसवायची जागा मोकळी होती. आबा बाजेवर पडून होते. पुतण्याची बायको भाकरी आणून देते म्हणाली. बाजेला धरून उठायचा व्यायाम मी मागच्या कॅम्पला शिकवला होता, त्याचं विचारलं. आबांनी तो एकदाही केला नव्हता. दारापर्यंत चालून दाखवा म्हटलं.

“कावून?” आबांनी विचारलं, म्हणजे कशासाठी. राग नव्हता. माझ्याकडं उत्तर असेल असं त्यांना खरंच वाटलं असावं. मी स्टॉपवॉच खिशात ठेवलं, त्यांनी कूस बदलली. बाजेवरून उठायलाही आता त्यांना माणूस लागतो, हे मला बाहेर आल्यावर पुतण्याच्या बायकोकडून कळलं.

आमच्या कामात माप चुकलं तर दुरुस्त करता येतं. बरोबर आलं तर काही करता येत नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही, हेच नवल. भांडी जागेवर लावून झाल्यावर म्हणाली, “मी म्हातारी झाले की मला मोजायचं नाही. पोरांनी सांगितलं तरी नाही.”