लाल पट्टीचा डबा

दुपारी डब्याची जीप कॉलनीतून धरणाकडं जायची आणि संध्याकाळी तीच जीप रिकामे डबे घेऊन परत यायची. मधला सगळा वेळ माझा काळजीत जायचा.

मी रत्नागिरीकडची. आठवीत शाळा सुटली. लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागोमाग बुलढाणा जिल्ह्यात आले. ते धरणावर सळया बांधायचे. कंपनीनं उघड्या माळावर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या होत्या. रांगेला लाईन म्हणायचे आणि लाईनीला कामाचं नाव असायचं. डंपर लाईन, वेल्डर लाईन, आमची सळई लाईन. अंगण नव्हतं, दारापुढं फक्त सिमेंटचा ओटा. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की कळशीतलं पाणीसुद्धा कोमट लागायचं. माझं गाव किती लांब राहिलं ते मला त्या पाण्यावरून कळायचं.

शेजारच्या खोलीत साखरखेर्ड्याच्या मावशी राहायच्या. नात्याच्या नव्हे, पण सगळी लाईन त्यांना मावशीच म्हणायची. त्यांचे यजमान खडीच्या मशीनवर होते. मी पहिल्यांदा ज्वारीची भाकरी केली तेव्हा त्यांनी ती उचलून बोटांनी दाबून पाहिली.

"लय जाड थापून राह्यली वं पोरी. हे चावाले तुह्या नवऱ्याले दुसरा जबडा आणा लागन."

मग परात पुढं ओढून त्यांनी मला भाकरी शिकवली. शाळेतलं फारसं काही आठवत नाही, पण ती दुपार आठवते.

सगळ्यांचे डबे सारखेच असत, म्हणून प्रत्येक बाई कडीला आपापली पट्टी बांधायची. आमची निळी, ह्यांच्या जुन्या सदऱ्याची. संध्याकाळी जीप आली की मी आधी निळी पट्टी शोधायची आणि डबा हलवून बघायची. हलका लागला की जिवात जीव यायचा. जेवला, म्हणजे माणूस ठीक आहे. फोन होता, पण खाली धरणाच्या खड्ड्यात रेंज नसायची. लावला की फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई तेच ते बोलायची आणि काळजी आणखी वाढायची.

एकदा एका मोठ्या खांबाचं काँक्रीट चालू होतं. ते सुरू झालं की मध्येच थांबवता येत नाही. माणसं पाळीपाळीनं वर येत, फळीवर डब्यांचा ढीग असे, हाताला लागेल तो डबा उघडून चार घास खात आणि पुन्हा खाली जात. अशा दिवशी कोण कुणाच्या हातचं जेवला याचा हिशोब नसायचा. डबे मात्र झाडून सगळे रिकामे यायचे.

त्याच सकाळी निळी पट्टी तारेवर वाळत घातली होती ती वेल्डर लाईनीतल्या बकरीनं खाल्ली. मी घाईत ब्लाउजच्या उरलेल्या लाल कापडाची पट्टी फाडली आणि डब्याला बांधून दिली.

संध्याकाळी जीप आली. ड्रायव्हरनं लाल पट्टीचा डबा माझ्या हातात दिला, तो जड होता. गाठसुद्धा माझीच, सकाळची.

"भाभी, तुमचा डबा तसाच हाय. कोनी हात नाही लावला."

"ते कुठं आहेत?"

"मले काय माहीत? मी गेटवरून डबे उचलतो."

त्याला पुढच्या लाईनीत डबे द्यायचे होते, तो निघून गेला. काँक्रीटच्या दिवशी परक्याचा डबासुद्धा उरत नाही, आणि माझा भरलेला. मला वाटलं, वरून पडले असतील. दवाखान्यात नेलं असेल, आणि मला सांगायला कुणाचं धाडस होत नसेल. मी घराकडं वळले तशा मावशी ओट्यावरून ओरडल्या.

"ऐ पोरी! आत नको नेऊ. भरला डबा घरात न्यायचा नसते. ठेव इथं."

त्यांनी हाक मारली तशा लाईनीतल्या बायका आपापल्या ताटल्या घेऊन आल्या. ही तिथली रीत होती, मला ठाऊक नव्हती. डबा भरलेला आला तर त्या बाईला एकटं सोडायचं नाही. सगळ्यांनी घास घास खायचा, डबा रिकामा करायचा, आणि माणूस येईपर्यंत तिथंच बसायचं. कुणी काही विचारायचं नाही. एकीनं मात्र गुपचूप आपल्या मुलाला सायकलवर गेटकडं पिटाळायचं.

मावशींनी कडी उघडली. भात, बटाट्याची भाजी आणि कुळथाची पिठी.

"हे काय वं?"

"कुळथाची पिठी."

"माय वं! कुळीथ तं आम्ही बैलायले देतो!"

"मंग काय झालं," वेल्डर लाईनीतली, बकरीची मालकीण, बोलली, "आपले नवरे काय कमी नांगर ओढून राह्यले?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसताच रडू फुटलं. मावशींनी पाठीवर हात ठेवला नि दुसऱ्या हातानं पिठी ओरपत राहिल्या. "बरी लागते पण," म्हणाल्या.

सायकल परत यायच्या आतच ते आले. चालत, सिमेंटनं पांढरे झालेले. ओट्यावर एवढ्या बायका बघून तेच घाबरले.

"काय झालं? कोण गेलं?"

"तुमचा डबा का नाही उघडला?" मी ओरडलेच.

"डबा आलाच कुठं? मी निळी पट्टी शोधत होतो. शेवटी दुसऱ्याचा खाल्ला."

मावशींनी लाल पट्टी त्यांच्यापुढं धरली. ते मटकन ओट्यावर बसले आणि हसायला लागले. साईटवर लाल फडकं म्हणजे हात लावू नका. ज्या बटणावर कुणाचं काम चालू आहे, जी फळी तडकली आहे, तिथं लाल फडकं. डब्यांच्या ढिगात तेवढाच डबा लाल होता. प्रत्येकाचा हात सवयीनं मागं आला, ह्यांचासुद्धा. आम्हा बायकांना लाल म्हणजे ओटीचं कापड. आम्हाला हे कोण सांगणार?

"भूक लागलीय," ते म्हणाले. डब्यात शीतही उरलं नव्हतं. त्या रात्री आम्ही मावशींकडं जेवलो.

धरण झालं, कॉलनी मोडली. पत्रे निघाले, माणसं पांगली. आता आम्ही पार उत्तरेकडं डोंगरात असतो, ह्यांचं काम बोगद्याच्या आत. गेल्या वर्षी गावी जाताना मी वाट वाकडी करून तिथं गेले. बाभळीत ओट्यांच्या रांगा तेवढ्या उरल्यात. आमचा ओटा सापडला. मी कळवलं होतं, म्हणून मावशी नातवाच्या गाडीवर बसून साखरखेर्ड्याहून आल्या होत्या. मांडीवर डबा.

मी ह्यांना फोन लावत होते.

"लागला का त्याले?"

"रेंज नाही म्हणतंय."

"मंग ठेव तो फोन." त्यांनी डब्याची कडी उघडली. "इथं बस माह्याजवळ. खाय."

आत कुळथाची पिठी होती.