डावी भुवई

बाहुल्यांच्या कारखान्यात तिला सगळे भुवईबाई म्हणायचे. का नाही म्हणणार? पट्ट्यावरून बाहुली समोर आली की तिने डावी भुवई काढायची, संपलं काम. डोळे दुसरीचे, ओठ तिसरीचे. केस पिकायला आले, पण अख्खा चेहरा काही तिच्या वाट्याला आला नव्हता. तो मिळायचा फक्त नव्या बाहुल्यांचे नमुने रंगवायच्या टेबलावर, आणि तिथे कुणाला बसवायचं ते मॅनेजरच्या हातात. मॅनेजर तर तिच्या मागून असा जायचा, जसं काही तिथे नुसतं स्टूलच ठेवलंय.

"अगं वहिनी, त्या माणसाला स्वतःशिवाय काही दिसतंय का?" पॅकिंगमधली नणंद म्हणाली. "त्यालाच काढ की बाहुलीवर!"

नणंद गेली बोलून, आणि हिने घेतलं मनावर. टाकाऊतली एक बाहुली घरी आणून जीव ओतून रंगवली. गालावरचा तीळ, कपाळावरची आठी आणि ती लोंबलेली उजवी पापणी, जिच्याकडे बघायची कारखान्यात कुणाची छाती नव्हती. अहो, तेवढी पापणी सरळ करायची अक्कल नको? पण बाईच्या हाताला खोटं काढताच येईना.

दुसऱ्या दिवशी धीर करून तिने ती मॅनेजरपुढे धरली. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग अख्खा विभाग खो खो हसत सुटला. मॅनेजरही हसला.

"काय बारीक नजर आहे हो तुमची! इथे वाया जाताय. उद्यापासून तुमची जागा बदलली."

आनंदाने बाईला जेवण गेलं नाही. घरी जाताना नणंदेला म्हणाली, "मिळालं गं टेबल!"

सकाळी तिला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. बिघडलेल्या बाहुल्यांचे चेहरे तिथे थिनरने पुसायचे. मॅनेजर जातीने हजर होता. कालचीच बाहुली त्याने तिच्या हातात दिली.

"हिच्यापासून सुरुवात करा. मी रोज येऊन बघत जाईन."

पापणी गेली, तीळ गेला, ओठ गेले. डावी भुवई तेवढी निघेना. इतक्या वर्षांचा बसलेला हात तो. चिंधी घासता घासता बाई रडायला लागली.

मॅनेजर वाकून बघत होता, अगदी मन लावून.

"राहिली की अजून," तो म्हणाला. "जरा जोर लावा, भुवईबाई."