धुळीबरोबर गेलेला चेंडू

रीळमावशीच्या हातून डाग सुटला असं कुणी म्हणालं, तर गल्ली त्यालाच डोळे तपासून यायला सांगेल. जुन्या रंगीत फिल्मचा डबा आला की मावशी आधी त्यात नाक खुपसते. आंबट वास आला म्हणजे फिल्म नासायला लागली. मग हातमोजे, मऊ कापड, एकेक चौकट यंत्रातून संगणकावर. उडालेले रंग जागेवर येतात, धुळीचे ठिपके जातात आणि घरच्या टीव्हीवर लावायला पेनड्राइव्ह तयार. नवरा म्हणतो, "हिच्या हाती चंद्र दिलात तर परत येताना ओळखू येणार नाही."

एकदा दोन म्हाताऱ्या आल्या, नणंद-भावजय. डबा एकीकडे, झाकण दुसरीकडे. तरुणपणी टेबल टेनिसच्या अंतिम सामन्यात दोघी समोरासमोर होत्या. शेवटच्या गुणावर नणंद जिंकली, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

"चेंडू टेबलाच्या कडेला लागला होता, गुण माझाच."

"हवेला लागला असेल, वन्सं!"

फिल्म भावजयीच्या नवऱ्यानं घेतलेली. निवाडा द्यायला तो आता उरला नव्हता. उरली होती ती फिल्म, तीही पार गुलाबी पडलेली.

मावशीनं काम करून दिलं. दुसऱ्याच दिवशी फोन.

"अहो रीळमावशी, आम्ही नुसत्या हवेत हात मारतोय!"

"द्या इकडे, वहिनी. मावशी, डास मारतोय डास! चेंडू कुठाय?"

मावशीनं लावून पाहिलं. टेबल हिरवंगार, रिबिनी लालचुटूक, चेंडू बेपत्ता! रंगांच्या कौतुकात तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. संगणकाला धूळ काढ म्हटलं होतं. पांढरा, बारीक, उडता ठिपका; त्याच्या लेखी चेंडू म्हणजे धूळच.

दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारला असता. मावशीनं बाह्या सरसावल्या.

"जातोय कुठे? न धुतलेली प्रत मी कधी पुसत नाही."

त्या प्रतीतून तिनं चौकटीमागून चौकट चेंडू परत आणला. शेवटच्या गुणाशी मात्र हात थांबला. तिथं पांढरे ठिपके दोन होते, एक अगदी कडेवर, दुसरा वीतभर वर. चुकीचा ठेवला तर भलतीच जिंकणार!

मावशीनं चौकट मोठी केली. वरचा ठिपका गोल, ठाशीव, आणि पुढच्या चौकटीत गायब, म्हणजे धूळ. कडेवरचा वेगानं लांबुळका झालेला, आणि पुढच्या चौकटीत तोच खाली वळलेला.

"सापडलास लबाडा," मावशी म्हणाली.

पेनड्राइव्ह घेऊन ती स्वतः त्यांच्या घरी गेली. दोघी टीव्हीला नाक लावून बसल्या. शेवटचा गुण आला. मावशीनं चित्र थांबवलं आणि बोट ठेवलं.

भावजयीनं तीनदा मागे घ्यायला लावलं. मग दाढ उपटून घेतल्यासारखी म्हणाली, "लागला."

नणंद टाळी वाजवणार, तेवढ्यात, "पण त्याआधीची सर्व्हिस? वन्सं, तुम्ही चेंडू वर उडवलाच नव्हता!"

"उडवला होता!"

"हातातल्या हातात!"

उठायला निघालेली मावशी पुन्हा ऐसपैस बसली. "सगळे चेंडू आणलेत मी. बोला, कुठून लावू?"