जिनिंगची डीपी आणि मापटंभर पीठ

मलकापूरला गाडीतून उतरले तेव्हा ऊन नुकतंच फलाटावर पसरत होतं आणि माझ्या बॅगेचं एक चाक निखळून डब्यातच राहिलं होतं. एका चाकाची बॅग ओढता येत नाही आणि उचलून नेण्याचं माझं वय नाही. शेवटी एका हमालाने ती डोक्यावर घेतली आणि चालता चालता विचारलं, "कुठं जाऊन राह्यल्या, आजी?" धामणगाव बढ्याकडे, म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग एसटीत उजवीकडं बसा. डावीकडं ऊन लागते." मी डावीकडेच बसले, कारण उजवीकडच्या बाकांवर कापसाची गाठोडी आधीच बसली होती.

मैत्रेयी, ऋषी, हे सगळं तुमच्यासाठी सविस्तर लिहिते आहे त्याला कारण आहे. मागच्या फोनवर तुम्ही सांगितलंत की तुमच्या गावाबाहेर संगणकांचं प्रचंड कोठार उभं राहतंय. त्या डेटा सेंटरसाठी विजेच्या नव्या तारा ओढायच्या आहेत आणि तो खर्च घराघरांच्या बिलात वाटून घालायचं घाटतंय. त्यावर गावात सुनावणी आहे. "पण आजी, आपण तिथे काय बोलणार?" असं ऋषी म्हणाला. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते मला बुलढाणा जिल्ह्यात मिळालं.

एसटी गावाबाहेर पडली आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली. वेचणीचे दिवस होते. पांढऱ्या बोंडांच्या शेतामध्ये तुरीचे पिवळे पट्टे, आणि दूर दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराची निळसर रेघ. शेजारच्या फेटेवाल्या गृहस्थांना मी पुण्याची असल्याचं सांगितलं आणि म्हटलं, कापूस छान दिसतोय. त्यांनी पायाशी ठेवलेल्या गाठोड्यातून एक अर्धवट उमललेलं बोंड काढलं आणि नखाने फोडून माझ्यासमोर धरलं. आत गुलाबी अळी होती.

"बीटीचं बियाणं आलं तव्हा म्हणे, आता अळी खाणार नाही," ते म्हणाले. "काही वर्सं नाही खाल्लं. आता तिले सवय झाली. पुण्याले घेऊन जाता का?"

मी नको म्हटलं. त्यांनी ते बोंड खिडकीबाहेर टाकलं आणि पुढचा अर्धा रस्ता मला बियाण्याच्या पिशव्यांचे भाव सांगितले.

धामणगावच्या थांब्यावर माझी मावसबहीण मंदा रिक्षा घेऊन उभी होती. तिची वस्ती तिथून आत आहे. वस्तीचं नाव लिहू नको, असं तिने मला बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही. घरी पोचताच कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर तेलाची धार. मी तेल नको म्हणायच्या आत ती म्हणाली, "अक्का, इथं डॉक्टर नाही, गुपचूप खाय."

संध्याकाळी दिवे लागले आणि लगेच मलूल झाले. छतावरचा पंखा पाती मोजता येतील इतका हळू फिरू लागला. लांबून घरघर ऐकू येत होती.

"जिनिंग सुरू झालं," मंदा म्हणाली.

वस्तीच्या टोकाला सरकी काढायचं छोटं जिनिंग निघालं आहे. मालक भास्करशेठ, मलकापूरकडचे. जिनिंग आलं तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला होता, कारण कापूस गाडीभाडं भरून लांब न्यायची गरज उरली नाही. पण त्याची वीज वस्तीच्याच डीपीवरून घेतलेली. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. दिवाळीनंतर ती डीपी जळली आणि वस्ती कितीतरी दिवस अंधारात होती. मग इथल्या रीतीप्रमाणे चुलीमागे वर्गणी काढून ती दुरुस्त करून आणली. चुलीमागे म्हणजे दर घरटी सारखी. भास्करशेठनीही दिली, एका चुलीची.

समोरच्या घरातून शमीमआपा आल्या. शाळेचे गणवेश शिवतात. डीपी जळाली त्याच दिवशी त्यांच्या शिलाई मशिनीची मोटारही गेली, तेव्हापासून त्या पायाने मशीन मारतात.

"मोटार जळाली, आता गुडघे जळून राह्यले," त्या खाली बसत म्हणाल्या.

त्यांच्याकडून पुढचं कळलं. वायरमन सांगून गेला होता की ही डीपी हा भार झेलणार नाही, मोठी बसवावी लागेल. भास्करशेठचं म्हणणं, तीही चुलीमागे वर्गणीतून येऊ द्या. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळाच्या शेतात गावाचं रोडग्याचं जेवण होतं आणि तिथेच सरपंच हे ठरवणार होते.

"पण त्यांची एकच चूल कशी?" मी विचारलं.

मंदा जरा ओशाळली. "आम्हीच देली त्याले चूल. जिनिंगचं नारळ फुटलं त्या साली मारुतीच्या जेवणाले आम्ही त्याच्याकडून एका चुलीचं पीठ घेतलं. इथं कोणाकडून पीठ घेतलं का तो गावचा झाला. त्याले पाहुणा ठेवलं असतं तर बरं झालं असतं."

"मंग बोल ना उद्या," शमीमआपा म्हणाल्या.

"माह्यं कोण ऐकते? तू बोल."

शमीमआपांचा मुलगा जावेद जिनिंगमध्ये मशिनी सांभाळतो. घर त्याच्या कामावर आणि आपांच्या शिलाईवर चालतं. त्या म्हणाल्या, "बोलली तर पोराचं काम जाईन. नाही बोलली तर दर साली जिनिंगची डीपी आमच्या डोक्यावर. तुम्हीच सांगा, अक्का, काय करू मी?"

मी त्यांना चहा ओतून दिला.

सकाळी मंदाने जेवणासाठी पीठ मोजलं. दर चुलीने एकेक मापटं (धान्य मोजायचं लहान माप) गव्हाचं जाडसर पीठ न्यायचं असतं. तिने एक मापटं पिशवीत ओतलं आणि मग आणखी एक.

"दुसरं कशाला?"

"तुह्यं."

खरं सांगते, मला ते लागलं. मी म्हटलं, मी खाऊन खाऊन किती खाणार, एक रोडगा?

"अर्धा खाय नाही तं टाकून दे. पाहुणा आणला का त्याचं पीठ वेगळं आणा लागते. मी तुले बाकीच्याईच्या पिठावर जेवू घालू काय?"

शमीमआपा दारातच उभ्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्या आणि आपली पिशवी घेऊन पुढे निघाल्या.

रोडग्याचं जेवण तुम्ही पाहिलेलं नाही. पिठाचे पदर लावून गोळे करतात आणि शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजतात. वर राख, आत मऊ. बाजूला मोठ्या पातेल्यात वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. पुरुष गोवऱ्या रचत होते, बायका गोळे वळत होत्या. मलाही एक दिला. माझा गोळा बघून एक म्हातारी म्हणाली, "ह्याले नवरदेवावानी सजवून राह्यल्या तुम्ही. भाजाचा आहे त्याले." रोडगा फोडताना मी बोटं भाजून घेतली. तुपात बुडवलेला पहिला घास पोटात गेला तेव्हा बोटांचं काही वाटेनासं झालं.

पंगत उठायच्या आत सरपंचांनी विषय काढला. भास्करशेठही पंगतीत होते. पांढरा सदरा, बोलणं शांत. ते म्हणाले, "मी काही वेगळं मागत नाही. गावाची रीत चुलीमागे आहे. माझी एक चूल आहे, तिचं मी देतो. जिनिंग माझं एकट्याचं नाही, तुमचाच कापूस तिथं येतो."

माणसं माना हलवू लागली. रीत बरोबर सांगितली होती, त्यामुळे खोडून काढायला काही सापडेना. एक जण म्हणाला, शेठचं जिनिंग गेलं तर पुन्हा मलकापूरच्या वाऱ्या.

शमीमआपा बायकांच्या ओळीत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "शेठ, एक विचारू काय?"

"विचारा ना, आपा."

"ह्या पुण्याच्या अक्का आल्या. अर्धा रोडगा खाल्ला त्याईनं. तरी मंदाबाईनं त्याईचं मापटं वेगळं आणलं. तुम्ही एका चुलीचं पीठ देता आणि एकटेच जेवाले येता, बराबर आहे. पण तुमच्या मशिनी तुम्ही तारेवर आणून बसवल्या. रोज सांजले जेवून राह्यल्या त्या. त्याईचं पीठ कोणाचं?"

पंगतीत कोणीतरी हसलं. मग मघाची म्हातारी म्हणाली, "आणि अर्ध्या रोडग्यावर थांबणाऱ्या नाहीत त्या." तेव्हा सगळेच हसले.

भास्करशेठ हसले नाहीत. ते पानातलं वरण बोटाने गोळा करत राहिले. म्हणाले, "अळीनं माल हलका झाला आहे. भाव नाही. मोठी डीपी एकट्याच्या अंगावर घेणं सोपं नाही, आपा."

"सोपं आमालेबी नाही," शमीमआपा म्हणाल्या. "पण पाहुणा आमचा नाही ना."

पहिल्यांदा उत्तर आलं ते गोवऱ्या रचणाऱ्या माणसांकडून. त्यांच्यातला एक उठून म्हणाला, "शेठ, डीपी तुमची. खांबाचे खड्डे आम्ही खोदून देतो. लग्न तुमच्या घरचं, वाढाले गाव." भास्करशेठनी मान वर केली. ज्या रीतीचा त्यांनी आधार घेतला होता, तीच आता समोर उभी होती आणि ती नाकारायची तर गावातलं आपलं पानही उचलावं लागणार, हे त्यांना कळलं असावं. "पुढच्या हंगामाआधी बसवतो," ते म्हणाले. सरपंच म्हणाले, तोवर दिवे लागल्यावर जिनिंग बंद. त्यावर थोडी घासाघीस झाली आणि तेही ठरलं.

हात धुताना भास्करशेठ जावेदजवळ थांबले. मी तिथेच होते. शमीमआपांचा हात तांब्यावर तसाच राहिला.

"जावेद, तुही माय माह्या मुनीमापेक्षा पक्की आहे."

"शेठ, तुम्ही एकदा ऐकलं. मी रोज ऐकतो."

"उद्या लवकर ये. दिवसाच काम उरका लागते आता."

आपांनी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं.

त्या संध्याकाळी मंदाच्या घरात दिवा स्वच्छ पांढरा लागला आणि पंखा इतका जोरात फिरला की थंडीमुळे आम्ही तो बंदच केला.

निघताना जावेदने माझ्या बॅगेला जिनिंगमधल्या मोडक्या हातगाडीचं चाक बसवून दिलं. ते दुसऱ्या चाकापेक्षा मोठं आहे. बॅग आता एका बाजूला झुकून चालते, पण चालते. थांब्यावर मी मंदाला म्हटलं, पुढच्या खेपेला माझं मापटंभर पीठ मी पुण्याहून आणीन.

"काऊन? पाहुणी कोणाची आहेस तू? माही. मंग पीठ बी माह्यंच."

परतीच्या गाडीत मी तुमच्या त्या कोठाराचा विचार करत होते. त्याने येऊ नये असं मी म्हणत नाही. त्या वस्तीतही जिनिंग जावं असं कुणालाच वाटत नव्हतं. गावात यावं, पंगतीत बसावं, पण आपल्याबरोबर जे जेवायला आणलं त्याचं पीठ घेऊन यावं. सुनावणीत तुम्हाला सांगतील की खर्च सर्वांवर सारखा वाटणं हाच न्याय आहे. ऐकायला ते बरोबर वाटेल आणि माणसं माना हलवतील. तेव्हा घाबरू नका, आवाजही चढवू नका. ऋषी, तू विचारत होतास ना, काय बोलायचं? शमीमआपांनी विचारलं तेवढंच विचार. त्यांनी ते बसल्या जागेवरून विचारलं आणि त्यांच्या मुलाला रोजी देणारा समोरच्याच पानावर जेवत होता. तुझं तसं काहीच टांगलेलं नाही.

पुण्यात घरी आले तेव्हा पिशवीत फडक्यात बांधलेला अर्धा रोडगा सापडला. मी पंगतीत टाकलेला. मंदाने तो वाया जाऊ दिला नव्हता.