चांगलंवालं मॉडेल

१७ मे. नर्मदेकाठी, तिलवाऱ्याजवळच्या प्लॉटच्या करारावर दुसऱ्या दिवशी सही करायची होती. नवऱ्याच्या निवृत्तीचा सगळा पैसा त्यात जाणार होता, म्हणून जागा आणखी एकदा पाहायला मी एकटीच गेले. बिल्डरनं तिथं हवामानाचा एक तज्ज्ञ बसवला होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. ऐन उन्हात गळ्यात टाय, मांडीवर लॅपटॉप आणि प्रत्येक वाक्याआधी रुमालानं स्क्रीन पुसायची सवय. २०५० सालाबद्दल तो असा बोलत होता, जणू कालच तिकडे जेवून आला आहे.

त्यानं ऐटीत नकाशा उघडला. नर्मदा फुगली आणि आमचा प्लॉट निळ्या रंगात बुडाला.

“भैया, हे काय?”

“काहून घाबरून राहिल्या दीदी? हे खराबवालं मॉडेल आहे. थांबा, चांगलंवालं लावतो.” त्यानं बोट सरकवलं. पूर ओसरला, प्लॉट हिरवा झाला आणि त्याची किंमतही दुप्पट झाली.

“यातलं खरं कोणतं?”

“दोन्ही खरे जी. गिऱ्हाईकाले चांगलंवालं आवडते.”

इतक्या सहज नदी हटवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी विचारलं, “तुम्ही घेतला का इथं प्लॉट?”

तो मनापासून हसला. “मी? मी तर नदीपासून दूर, तिकडे शहरात नेपियर टाऊनमध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिल्डरला नकार कळवला आणि नेपियर टाऊनमध्ये वरच्या मजल्यावरचं एक घर पाहायला गेले. लिफ्ट बंद होती. मी जिने चढले.