दहा घोड्यांची होडी

लडकूमामाशी वाद घालायचा तर त्याच्या हिशेबात शिरूनच घालावा लागे, आणि त्या हिशेबात तो कधी हरत नसे. चुकत मात्र नेहमी असे.

चौऱ्याहत्तर साली त्याने भंगारबाजारातून होडीच्या मागे लावायचं विलायती इंजिन आणलं. निळ्या झाकणावर दहाचा आकडा होता, म्हणजे दहा घोड्यांची ताकद. "भिवंडीच्या नाक्यावर टांग्याचा एक घोडा चार मानसं वढतो. मंग दहा घोडं, चालीस मानसं! झाकनावर छापलंय तेच खरं," असं म्हणत मामा आपल्या होडीत चाळीस माणसं भरू लागला. होडीचा काठ पाण्यापासून चार बोटं उरे. खाडीपलीकडे जायला दुसरी होडी नव्हती, म्हणून लोक देवाचं नाव घेत बसत.

काशीमामी ओरडून थकली. "घोडं वाढलं म्हनून व्हडी मोठी झाली काय?" प्रश्न बिनतोड होता, त्यामुळे मामाने तो ऐकलाच नाही.

मामीचा भाऊ केसरीनाथ कोळंबी पकडायला जाई. त्याचं इंजिन त्याच बाजारातलं, त्याच सालचं, त्याच रंगाचं. झाकणावर मात्र साडेसात. मामा त्याला भर चावडीवर विचारी, "तुजा अर्धा घोडा कुठला रं? फुडचा का मागचा?"

दसऱ्याला दोन्ही इंजिनं मामाच्या अंगणात पूजेला बसली. मामीने झाकणं काढून धुतली, हळदकुंकू लावून परत चढवली. दुसऱ्या दिवशी मामा बघतो तर त्याच्या इंजिनावर साडेसात!

तो तडक केसरीनाथकडे गेला. "झाकनं बदलली! माजं दहा दे!"

केसरीनाथला वर्षभराचं उट्टं काढायचं होतं. "दाजी, झाकनावर छापलंय तेच खरं ना?"

शेवटी खरं दहाचं इंजिन कुणाचं ते बघायला शर्यत ठरली. गाव काठावर लोटलं. दोन्ही होड्या रिकाम्या सुटल्या आणि पलीकडे एकदमच टेकल्या. म्हातारपणी दोघांचेही घोडे सारखेच दमले होते. मामाचं तोंड बघवेना.

घरी येऊन तो गरजला, "कुनी बदलली झाकनं?"

"मी," मामी म्हणाली. "रोज सांजच्याला खाडीकडं बघून माजा जीव जायाचा. केसरीच्या व्हडीत मानसं बसत न्हाईत. साडेसात बघून तुमी तरी तीसच घ्याल, म्हनून बदलली."

"माजं घोडं मारलंस तू!"

"मेलं त मेलं. तुमी जिते हाव ना!" आणि ती रडू लागली.

दुसऱ्या दिवशी तीस माणसं बसल्यावर मामाने एकतिसाव्याला हाताने अडवलं. तो एकतिसावा म्हणजे गावचा पोलीस पाटील होता.