खडकावर कण्हणारी जीप

"कावून गप पडलास बे वाहेद? गिअरबाक्स मेलाय का जित्ता हाय, तेवडं तरी सांग."

"मेल्यालं कण्हत न्हाई, मुंजाजी. हे खडकावर कण्हतंय."

"मंग वैद्यावानी नुसती नाडी धरून काय बसलाय? वर जनावरं जिभा काडून उबी हायती."

वाहेद मिस्त्री जीपखाली उताणा होता. पेचकसाचं टोक गिअरबॉक्सला टेकवलेलं, मूठ कानात. गाडी उभी असली की आवाज नाही. डोंगराला लागली की आधी कण्हायची, मग आतून कट्ट-कट्ट असं हाड मोडल्यागत वाजायचं. मुंजाजी ड्रायव्हरनं त्या आवाजाला भिऊन पाण्याची भरली टाकी खडकावरून माघारी आणली होती.

वाहेदचं पत्र्याचं दुकान धारूरच्या बाजाराच्या टोकाला. बाप नालबंद, बैलाच्या चालीवरून खूर कुठं दुखतो ते सांगायचा. पोरगा इंजनाकडं वळला, पण रीत बापाचीच. त्याची बायको सायरा म्हणायची, "ह्या मानसाला घरातलं बोलनं ऐकू येत न्हाई, इंजन शिंकलं तर चार घरावरून ऐकू येतं."

सत्याऐंशीचा दुष्काळी उन्हाळा. गावच्या दूध संस्थेनं डोंगरावरच्या गायरानात जनावरांची छावणी टाकली, कारण सावली तिथंच होती. पुढं तिथली विहीर आटली. सरकारी टँकर खडकाची वाट चढेना. मग संस्थेनं लिलावातली जुनी मिलिटरीची जीप आणली. चारी चाकं ओढणारी. तिच्या मागं टाकी जोडून खालच्या विहिरीचं पाणी वर न्यायचं. ती जीप म्हणजे अख्ख्या छावणीची नरडी.

आणि वाहेद चुकला होता. आवाज आतला आहे म्हणून त्यानं गिअरबॉक्स खोलला. दात सगळे धड. तेल बदललं, बंद केला. आवाज होताच. परत खोलला. त्यात अख्खा दिवस गेला आणि वर एक गाय बसली ती उठलीच नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तुला येत नसंल तर न्हाई म्हन," मुंजाजी म्हणाला. "परवाचा बाजार गाठू. कसाई तरी पानी पाजून नेतो."

"येत न्हाई," वाहेद जीपखालून म्हणाला. "पन अजून एकडाव चालव. मी संगं चालतो."

जीप निघाली. वाहेद तिच्या कडेनं, बैलाच्या कडेनं चालावं तसा. खडकावर ती कण्हली. मधी कोरडा ओढा लागला, तिथल्या वाळूत गप झाली. ओढा ओलांडून खडक लागला की परत कट्ट.

"थांब! माघारी घे. वाळूत." वाळूत परत गप.

वाहेद खाली बसला. गिअरबॉक्सचं दुखणं असतं तर वाळूत कसं थांबलं असतं? वाळूत चाक घसरतं, खडकावर धरतं. म्हणजे धरल्यावर कुणीतरी कुणाला तरी ओढतंय. त्यानं मान वळवून पहिल्यांदाच टायरांकडं नीट बघितलं.

"मुंजाजी, हे टायर कुटले बे?"

"आमचेच. बैलांच्या टायरगाडीचे. जीपचे फाटके व्हते. आवंदा ऊसतोडीला गाड्या गेल्याच कुटं? चार आळ्यांची जनावरं, म्हनून चार आळ्यांनी एकेक दिला. एका आळीनं दोन दिले तर उद्या म्हनतील, पानी आमाला आदी."

वाहेदनं कासरा मागितला. एकेका टायराला कासऱ्याचा वेढा घालून गाठ मारली. रिम सगळ्यांची एक, रबर निराळं. पुढची जोडी मागच्यापेक्षा चांगली वीतभर कमी भरली.

"बैलजोडीत एक उंच अन् एक ठेंगना जुंपला की जू काय करतं? तसं झालंय. मागचं लांब टाकतंय, पुढचं आखूड, अन् मदी गिअरबाक्स पिळतोय. सारखे चार टायर पायजेत."

सारखे चार टायर गावात एकाच आळीत निघाले. वरल्या आळीतल्या तुळजाबाईच्या आणि तिच्या दिराच्या अशा दोन गाड्यांचे. तुळजाबाई संस्थेची सभासद, दोन म्हशी छावणीत. टायर म्हटल्याबरोबर पारावर कालवा उठला. "म्हंजी जीप वरल्या आळीची झाली!" "आमचे टायर काय कुत्र्यानं खाल्लेत?"

"अरं जनावरं मराय लागली अन् तुमी..." वाहेद मधी पडला.

तुळजाबाईनं पदर खोचला. "गाड्या उलट्या करा. टायर काडा. अन् ऐका, आमच्या आळीचं पानी शेवटाला. समद्यांचं झाल्यावर. आता तरी थोबाडं बंद करताल का?"

दोघंतिघं टायर काढायला उठले.

दुपारी जीप डोंगराला लागली. खडक आला, वाहेदनं कडेनं चालता चालता कान दिला. कण्हणं नाही, कट्ट नाही. पण इंजनाच्या आवाजाखाली त्याला गिअरबॉक्सची बारीक घरघर ऐकू आली.

पहिली टाकी बाकीच्या तीन आळ्यांतच आटत आली. तुळजाबाईची एक म्हैस मान टाकून पडली होती. मुंजाजी खालच्या आळीचा, तरी शेवटची बादली घेऊन तिच्याकडंच निघाला.

"ठेव ती," तुळजाबाई म्हणाली. "रांग मोडली तर उद्याच्याला टाकीला हात लावाय कोन येतंय? ठरलं ते ठरलं. आश्रुबाची आळी आदी, त्याच्या वासराला पाज."

दुसरी टाकी दिवस कलता आली. पाणी म्हशीच्या तोंडाशी धरलं तर ते कडेनं वाहून गेलं. तुळजाबाईनं तिचं दावं सोडलं, गुंडाळून खांद्यावर टाकलं, आणि तीच बादली उचलून दुसऱ्या म्हशीपुढं ठेवली.

वाहेद जीपपाशी उभा होता. त्याच्याकडं बघून ती म्हणाली, "तू कावून मड्यावानी उबा? उद्या चालंल का जीप?"

"गिअरबाक्साचं बेरिंग खाल्लंय, मावशी, घरघरतंय. इतके दिवस पिळलंय त्याला. नवं हितं मिळत न्हाई."

"मंग?"

"खोलून बगतो, जुन्याचंच काय जमतंय का."

त्यानं टाकीच्या सावलीत पोतं अंथरलं, पान्हा दातात धरला आणि जीपखाली सरकला.